किल्लीबरोबर फिरलेला स्क्रू

४ मार्च

मुंगे,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंयस. ठीक आहे. पत्र काही वाजत नाही, ते नुसतं येऊन पडतं, आणि फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढ्यात दोन ओळी नजरेखालून गेल्या तरी माझं काम झालं.

मी बरी आहे. खालच्या उजव्या दाढेच्या जागी खड्डा आहे तेवढाच. जीभ दिवसभर तिथेच घुटमळते, हाकलली तरी जात नाही. कारखान्यात आता मी डाव्या बाजूने गोळ्या फोडते. सव्वीस वर्षं चवखोलीत बसून उजव्या दाढेने गोळी फोडायची आणि आवाजावरून सांगायचं, पाक नीट शिजलाय की चिकट राहिलाय. डाव्या बाजूला तो कान नाही बघ. काल साहेब म्हणाले, "ताई, लिंबाच्या गोळीला आज फार वेळ लागला." मी म्हटलं, "गोळीला नाही, मला लागला." हसले बिचारे.

परवा तुझी मावशी येऊन गेली. तिचा फोन तू उचलतेस, माझा नाही, हे तिने मला तीन वेळा ऐकवलं. तिच्याकडूनच कळलं की तू दवाखान्याची खुर्ची सोडणार आहेस. विमा कंपनीत टेबलावर बसून लोकांच्या दातांचे कागद तपासणार म्हणे, आणि एकतीस तारखेला त्यांच्या कागदावर सही करणार. अगं, सहा वर्षं शिकलीस ती कशासाठी? दुसऱ्यांच्या बिलांवर शिक्के मारायला?

आणखी एक सांगितलं तिने, ते ऐकून माझ्या हातातला कप बशीवर आपटला. सुटीच्या दिवशी तू खाटकाकडून हाडं आणतेस, स्वयंपाकघरातच त्यांना भोकं पाडतेस आणि आत सुई खुपसून हाड किती तापलं ते मोजतेस. तापलं की हाड मरतं, म्हणालीस. "मावशी, मी आईचं हाड जाळलं," असं म्हणालीस.

मुंगे, तू काही जाळलेलं नाहीस.

जानेवारीत मी जे बोलले ते तू मनाला लावून घेतलंस. तू हिरडी उघडलीस, किल्ली लावलीस आणि तो हाडात बसवलेला इम्प्लांटचा स्क्रू किल्लीबरोबर गोल फिरला. तुझा चेहरा मी पाहत होते. चिमटीने उचलला तर अलगद हातात आला. मोठे डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, असं कसं झालं? मग मीच म्हणाले, "जाऊ द्या हो डॉक्टर, पहिलाच हात आहे तिचा, चुकायचंच." मला वाटलं, मी सांभाळून घेतेय. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. तू हातमोजे काढून ठेवलेस आणि निघून गेलीस, ती अजून आली नाहीस.

तर खरं कारण ऐक. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात मी त्याच बाजूने कडक गोळी फोडली होती. तू सांगितलं होतंस, या बाजूने चावायचं नाही म्हणून, पण सवयीने तोंडात गेली आणि कट्कन फुटली. स्क्रू तेव्हाच हलला असणार. चूक माझी आहे. आता ते हाडांचं पातेलं फेकून दे आणि सही करू नकोस.

आई


११ मार्च

मुंगे,

माझंच पत्र मागच्या बाजूला लाल पेनाने लिहून परत पाठवलंस! तू शाळेत असताना मी तुझ्या वह्या तपासायचे, त्याचा सूड घेतलास की काय?

"आई, स्क्रू साडेतीन महिने हिरडीखाली शिवून झाकलेला होता. गोळी त्याला लागलीच नसती. खोटं बोलून माझी समजूत काढू नकोस. मला समजूत नको, कारण हवंय."

कारण हवंय म्हणे. तीस वर्षांची पण झाली नाहीस आणि आईला खोटारडी म्हणतेस.

राग आला म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. मग लक्षात आलं, एकतीस तारीख काही माझ्या रागासाठी थांबायची नाही.

आज रविवार, म्हणून घरीच आहे. चपलेने टाच कापली होती, ती अजून बरी होत नाही, म्हणून पाय वर घेऊन बसलेय. जानेवारीतली जखम, तू गेलीस त्या आठवड्यातली. दुकानदाराने गळ्यात मारलेली चप्पल, दुसरं काय. मावशी सकाळी आली, तिने टाच पाहिली आणि दारातच उभी राहिली. आत येईना. मी म्हटलं, बस की. तर म्हणाली, "तू तिला सांगतेस की मी सांगू?"

"कसलं सांगायचंय?"

"माझ्यापुढे नको हं हे. मी तुझी धाकटी बहीण आहे, खुळी नाही."

मग आमचं जुंपलं. तिने काढलं, मी काढलं, आईच्या वेळचं भांडण पण निघालं. शेवटी ती म्हणाली, "पोरगी हाडं भाजतेय तिकडे आणि तू इथे मूग गिळून बसलीस. पंचवीस तारखेपर्यंत वाट पाहीन. मग मी फोन लावेन, आणि तुझी शपथ-बिपथ काही पाळणार नाही." चहा न घेता गेली. ती चहा न घेता जाणारी बाई नाही, तुला माहीत आहे.

तिचं फार मनावर घेऊ नकोस. तिने फोन केला तर उचलू नकोस. माझा उचलत नाहीस, तसाच तिचाही.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

तू लहानपणी कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायचीस. माझ्या अंगाला गोळ्यांचा वास यायचा, म्हणून घरी येईपर्यंत माझ्या कुशीत नाक घालून चालायचीस. म्हणून तर मुंगी. बाबा गेल्यावर याच वासावर आपलं घर चाललं. साखरेवर मी तुला वाढवलं. हे मी मध्येच का सांगतेय, माझं मलाच कळत नाही. तहान फार लागलीय, पाणी पिऊन येते.

पाणी पिऊन आले. उद्या सकाळी हे पोस्टात टाकते.

आई


१७ मार्च

मुंगे,

काल कामावरून लवकर निघाले आणि मोठ्या डॉक्टरांकडे गेले. तुझी खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर प्लास्टिक टाकून ठेवलंय. बघवलं नाही.

मी त्यांना म्हटलं, माझ्या एका शेजारणीला इम्प्लांट करायचाय, पण तिला साखरेचा आजार आहे, तर चालतं का? ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं. ते म्हणाले, चालतं की. मग पेन ठेवलं आणि नीट समजावायला बसले. माणूस सज्जन आहे, मला आतून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

म्हणाले, "ताई, तुम्ही कारखान्यात आहात ना? मग असं समजा. हाडात रोज जुनं पाडणारे आणि नवं बांधणारे अशा दोन टोळ्या कामाला असतात. स्क्रू बसवला की बांधणाऱ्यांनी त्याच्या अंगाला लागून नवं हाड बांधायचं असतं. हाड धातूला घट्ट धरतं, तेव्हाच वर दात बसवता येतो. साखर कायम चढलेली असली की पाडणारे हजर आणि बांधणारे गैरहजर. बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या, माल वेळेवर पोचत नाही, जखम भरायला वेळ लागतो. मग हाडाच्या जागी एक मऊ पडदा धरतो. वरून सगळं छान दिसतं. टाका सुकलेला असतो, दुखत नसतं. आणि तीन महिन्यांनी किल्ली लावली की..."

इथे ते थांबले. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला.

मी विचारलं, "म्हणजे साखर असलेल्यांनी दात लावायचाच नाही?"

"कोण म्हणतं? साखर ताब्यात आणायची, तीन-चार महिने सांभाळायची, मग स्क्रू बसवायचा आणि हाड धरायला थोडा जास्त वेळ द्यायचा. बहुतेकांचा छान धरतो. फक्त आधी कळायला हवं ना, ताई. न सांगता आले तर बसवणाऱ्याचा हात कितीही चांगला असो, तो काय करणार?"

मुंगे, मी तिथे बसून हे ऐकत होते. म्हणजे सांगितलं असतं तर तू फक्त थांबली असतीस. चार महिने. गोळ्या घे, चाल, जिभेला आवर घाल, असं ओरडली असतीस, आणि मग आज माझ्या तोंडात दाढ असती आणि तू त्या खुर्चीशी उभी असतीस. एवढंच होतं ते.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या शेजारणीला तहान फार लागते का?" मी त्यांच्या टेबलावरचं पाणी पीत होते. दुसरा ग्लास.

चोराच्या मनात चांदणं. पर्स उचलली आणि निघाले.

जाताना त्यांना तेवढं विचारलं, की तिने नंतर बसवलेल्या चार लोकांचं काय झालं? म्हणाले, "चारही घट्ट आहेत. मी स्वतः तपासले. म्हणून तर मला तिच्या राजीनाम्याचं कोडं सुटत नाही."

शेजारीण-बिजारीण कुणी नाही. मला साखर आहे. दोन वर्षं झाली. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या मी चिंचेच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवते, आठवलं की घेते. तुला सांगितलं नाही.

आता समजलं ना? हात तुझा नाही चुकला. एवढं पुरे आहे. सही करू नकोस.

आई


२४ मार्च

मुंगे,

तुझं आलं. या वेळी एकच ओळ आहे आणि लाल नाही, काळ्या पेनाची.

"तुझा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ५.४ होता. मी माझ्या हाताने तो फाइलला लावलाय. मग तो रिपोर्ट कुणाचा?"

मला वाटलं होतं, तू हे विचारणार नाहीस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तू डॉक्टर आहेस आणि मी गोळ्या चाखणारी बाई, तरी मला वाटलं होतं. दोन दिवस पाकीट उशाशी घेऊन झोपले. आज कामावर गेले नाही. दार लावून बसलेय आणि हे एकदाच लिहिणार आहे.

तो रिपोर्ट तुझ्या मावशीचा आहे.

तू मला चिठ्ठी दिलीस, की रक्त तपासून आण, साखर आठच्या वर असली तर मी हात लावणार नाही. मी घरी येऊन उपास धरला. चार दिवस. मग मावशी म्हणाली, अगं वेडे, ती तपासणी चार दिवसांची नाही, मागच्या तीन महिन्यांची असते, उपासाला फसायची नाही. तिला कुठून कळलं देव जाणे. तिथेच शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. मी तिला म्हटलं, मग तू चल.

दोघी सकाळी लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, नाव? मावशीने माझं नाव सांगितलं. वय विचारलं, तर मावशीने माझं वय सांगितलं, आणि तेवढ्यातही तोंड वाकडं केलं, कारण मी सहा वर्षांनी मोठी. तिने बाही वर केली आणि मी बाजूला तिची पर्स धरून उभी राहिले. बाहेर आल्यावर आम्ही दोघी हसलो. मुंगे, आम्ही हसलो. शाळा बुडवल्यासारखं वाटत होतं. तिला मी सांगितलं होतं की फार काही नाही, उगीच ऑपरेशन लांबेल आणि पोरीची पहिली केस हातची जाईल. तिने तुझ्यासाठी दंड पुढे केला. तिच्यावर रागावू नकोस. जानेवारीपासून ती माझ्या मागे लागलीय आणि मी तिला माझ्या गळ्याची शपथ घालून गप्प बसवलंय.

का केलं, ते विचारशील. तीन कारणं मी स्वतःला सांगत आलेय.

एक तर तुझी पहिली केस. मोठे डॉक्टर मागे उभे नसताना तू एकटीने बसवलेला पहिला स्क्रू आईच्या तोंडात असावा, असं मला वाटायचं. चवखोलीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हे खरं आहे.

दुसरं, नोकरी. साखर असलेल्या बाईला चवखोलीत कोण ठेवील? दरवर्षी कंपनीचा डॉक्टर विचारतो, काही आजार? मी म्हणते, नाही. चाखून थुंकायचं असतं, मुंगे. समोर भांडं ठेवलेलं असतं त्यासाठी. मी गिळायचे. सव्वीस वर्षं गिळत आले. थुंकलं तर चव अर्धीच कळते असं मी नव्या बायकांना सांगायचे, पण ते काही खरं नाही. मला आवडायचं. हेही खरं आहे.

तिसरं कारण मात्र मला आज सुचलं, हे लिहिता लिहिता. तू मला "पेशंट" म्हणून ओरडशील याची भीती वाटत होती. लहानपणापासून मी तुला ओरडत आले, हे खा, ते खाऊ नको, दात घास, खोटं बोलू नको. ते उलटं झालं असतं. मला ते नको होतं. एवढ्याशा मानासाठी मी तुझं हातातलं काम घालवलं.

आणि अजून एक राहिलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, मावशीलाही नाही. तुला आठवत असेलच. ऑपरेशनच्या दिवशी सगळी तयारी झाल्यावर तू थांबलीस. मला म्हणालीस, "आई, बोट दे, साखर एकदा बघून घेते, मला बरं वाटेल." सुई तुझ्या हातात होती. मी म्हटलं, "रिपोर्ट समोर आहे ना? आईवर विश्वास नाही?" तू हसलीस आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवलीस.

दुसरा कुणी पेशंट असता तर तू ठेवली नसतीस. तुझी चूक असेल तर ती एवढीच आहे. हाड तू जाळलं नाहीस. तू आईचं ऐकलंस.

आणि मग त्याच खोलीत, सगळ्यांच्या देखत, मी म्हणाले की पहिलाच हात आहे, चुकायचंच. कारण मला ठाऊक होतं आणि तुला नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या. तुझा पडलेला चेहरा पाहूनसुद्धा मारल्या. मी तुझी सांभाळून घेणारी आई नव्हते तेव्हा, मी स्वतःला वाचवत होते. मला याची लाज वाटते. रोज वाटते.

काल स्वतः जाऊन रक्त दिलं. तीच मुलगी होती. रिपोर्ट सोबत जोडलाय. ९.६ आहे. सांभाळून ठेव, पुन्हा खोटं बोलले तर माझ्या तोंडावर मार. पाकीट रजिस्टर करून पाठवतेय. मावशीला सांगितलंय की तू फोन करू नकोस, मी लिहिलंय. तिने विचारलं, सगळं? मी म्हटलं, सगळं. तेव्हा कुठे तिने चहा घेतला.

आई


२८ मार्च

मुंगे,

पाकीट पोचल्याची पावती आली, तुझ्या सहीची. तुझं काही आलं नाही. घाई नाही, असं लिहिणार होते, पण आहे. तीन दिवस उरलेत. दाराशी पाऊल वाजलं की मी उठते, आणि तो पोस्टमन शेजारच्या दाराशी थांबतो.

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. आत बोलवत होते, मी म्हटलं, नको, मी बाहेरच बोलते. बाकावर पाच-सहा पेशंट होते, तुझी ती नर्स होती, जी जानेवारीत पण होती. तिला म्हटलं, तूही थांब. आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मी बहिणीचं रक्त दिलं होतं, मला साखर होती, आणि माझ्या मुलीचा हात चुकला हे मी जे बोलले ते खोटं होतं. एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अरे देवा!" डॉक्टरांनी फाइल काढली आणि तुझ्या नावापुढची ओळ खोडून खाली नवीन लिहिली. मला वाचायला दिली. "रुग्णाने मधुमेह लपवला होता. शस्त्रक्रियेत दोष नाही." मग माझ्या चिघळलेल्या टाचेकडे बघून म्हणाले, "हे मी तिला आजच कळवतो. आणि ताई, तुमच्या त्या शेजारणीला सांगा, टाच उद्याच दाखव."

टाच दाखवली. रोज पट्टी करून घ्यायला जाते. थोडी भरतेय.

साहेबांनाही सांगितलं. चवखोली सुटली. सोमवारपासून वेष्टनाच्या यंत्रावर बसते. बायका हळहळल्या, एकीने रुमालाने डोळे पुसले. मी म्हटलं, अगं, मेले नाही मी, फक्त तोंड बंद झालंय माझं, ते बऱ्याच जणांना हवं होतं. हसल्या. घरी येऊन मात्र रडले. खोटं कशाला सांगू?

सही करायचीच असेल तर कर. टेबलावरचं काम वाईट असतं असं नाही. पण मुंगे, हात चुकला असं समजून करू नकोस. तो नव्हता चुकला. एवढं एकच मला तुझ्याकडून हवंय, माफी-बिफी नको.

तुझी वाट बघणारी


५ एप्रिल

मुंगे,

पोस्टमनने आज माझ्याच दाराशी पाकीट दिलं. मी उघडायच्या आधी मावशीला बोलावलं. दोघी पलंगावर बसलो आणि पाकीट मध्ये ठेवलं. ती म्हणाली, तू उघड. मी म्हटलं, तू उघड. शेवटी तिनेच फाडलं, कारण माझे हात ओले होते. ओले नव्हते. धीर होत नव्हता.

आत माझाच रिपोर्ट, ९.६ वाला. मागे तुझं अक्षर.

"सही केली नाही. आजपासून परत खुर्चीशी आहे. हाडांचं पातेलं फेकलं. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, कधी जाईल माहीत नाही. गोळ्या वेळेवर घे. जुलैमध्ये ये. रक्त मी स्वतः काढणार. सातच्या आत असेल तरच पुढचं बोलू."

मावशीने ते दोनदा वाचून दाखवलं. मग मी पुन्हा वाचलं. "आई" असं कुठे लिहिलेलं नाही, मी उलटून पालटून शोधलं. नाही तर नाही. नाव कुठलंच नाही, पण बोलावणं मलाच आहे ना?

गोळ्या आता चिंचेच्या डब्यात ठेवत नाही, ताटाशेजारी ठेवते. सकाळ-संध्याकाळ चालते, मावशी सोबत असते आणि सारखी बोलते. वेष्टनाच्या यंत्रावर दिवसभर गोळ्या समोरून जातात, मी एकीलाही बोट लावत नाही. परवा एक फुटकी गोळी यंत्रात अडकली, नव्या मुलीने विचारलं, ताई, ही कशी लागते बघता? मी म्हटलं, आवाजावरून सांगते, आण. टेबलावर आपटली. पाक चिकट राहिला होता. चवीशिवाय कळलं.

स्क्रू पुन्हा बसवायचा की नाही, तू बसवायचा की मोठ्या डॉक्टरांनी, ते तूच ठरव. मी विचारणार नाही. खड्ड्याची सवय झालीय मला.

जुलैमध्ये येते. तू चिठ्ठी पुढे ठेवून नाव विचारशील, परक्या पेशंटला विचारतात तसं, तर विचार. मी माझं सांगेन. वयही खरं सांगेन. बाही मीच वर करेन. रक्त काढून झालं की बोटाला पण सुई टोच, मी काही म्हणणार नाही.

मावशी यायचं म्हणतेय. तिला घरीच ठेवून येते.

आई